अफूच्या व्यापाराशी झुंजलेले चिनी अंमलदार : लिन त्से-श्यू

चीन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर कँटन नावाचे मोठे शहर आहे. तेथील नदीस मोत्यांची नदी म्हणतात. ही नदी समुद्रास मिळते त्या मुखाजवळ हू-मेन नावाचा गाव आहे. सन १८३९ च्या जून महिन्यात ह्या गावाजवळ तीन मोठे हौद खणून त्यांत वीस हजारांहून अधिक पेट्या अफूचा नाश करण्यात आला. ज्या अंमलदाराने हे काम केले त्याचे नाव लिन त्से-श्यू. ते ख्रिस्ती नव्हते. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत वाढलेले गृहस्थ होते. तरी त्यांच्या चरित्रात मिशनरी मंडळींचा, बऱ्या व वाईट अशा दोन्ही प्रकारे, संबंध येतो. आणि नाश झालेली ती अफू मुख्यत्वे आपल्याच देशाच्या शेतांत पिकलेली होती. ह्यास्तव त्यांची हकीकत आपल्या मंडळ्यांतील वाचकांस ठाऊक असावी असे वाटते.

लिन ह्यांचा जन्म ३० ऑगस्ट १७८५ रोजी फूकियन प्रांतातील फूचौ शहरी झाला. वडील गरीब शाळामास्तर होते. सरकारी परीक्षांत त्यांना यश आले नाही, आणि पुढे दृष्टीही अधू झाली. घरात मुले पुष्कळ. म्हणून आई कागदाची फुले करून विकी व संसारास हातभार लावी. आपल्या हातून जे झाले नाही ते मुलाच्या हातून व्हावे अशी बापाची फार इच्छा होती, आणि ती पुरी झाली. एकोणिसाव्या वर्षी लिन प्रांताच्या परीक्षेत उतरले, व १८११ साली, म्हणजे सव्विसाव्या वर्षी, राजधानी पेकिंग येथील सर्वांत वरची परीक्षा देऊन बादशाही विद्वत्सभेत दाखल झाले. त्या काळी चीन देशात मोठा हुद्दा मिळविण्याचा हाच मुख्य मार्ग होता.

पुढील पंचवीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या प्रांतांत नोकरी केली. कोठे न्यायाधीशाचे काम, कोठे नदीचे बांध, कोठे दुष्काळात धान्य वाटणे. जुने तुंबलेले खटले त्यांनी स्वतः कागद वाचून निकालात काढले, आणि लाच घेतली नाही. त्या देशी हे इतके विरळा होते की लोक त्यांना निरभ्र आकाशाची उपमा देऊ लागले. १८३२ साली ते एका प्रांताचे सुभेदार झाले, व १८३७ साली मध्य चीनमधील दोन प्रांतांचा कारभार त्यांच्या हाती आला.

आता अफूविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढील गोष्ट समजणार नाही. अफू औषध म्हणून चिनी लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु चिलमीत घालून तिचा धूर ओढण्याची चाल पडली, तेव्हापासून ती घराघरांत शिरली. आपल्याकडेही पूर्वी मजुरीस जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराने निजून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी देत असत. तिची गुंगी कशी असते हे आपल्या गावच्या वृद्धांस सांगावयास नको. ओढणाऱ्यास आरंभी सुख वाटते, मग तिच्यावाचून अंग दुखते, झोप येत नाही, कामात हात चालत नाही. आणि शेवटी शेत, भांडी, बायकोचे दागिने, सर्व त्या चिलमीत जळून जाते. चिनी बादशहाने १७२९ सालीच तिच्यावर बंदी घातली होती, व पुढे परदेशाहून ती आणण्यासही मनाई केली. तरी १८०० च्या सुमारास वर्षाला चार-साडेचार हजार पेट्या उतरत, त्या १८३८ पर्यंत चाळीस हजारांच्या घरात गेल्या.

ही अफू कोठून येत असे? एक भाग बंगाल इलाख्यातून. तेथे पाटणा व गाझीपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारी असत. कंपनी रयतेस आगाऊ पैसे देऊन खसखशीचे पीक करवी व तयार माल कलकत्त्यास लिलावाने विकी. दुसरा मोठा भाग माळव्यातून, शिंदे-होळकरांच्या मुलखातून येई. तो मुंबईस येऊन गलबतांवर चढे, किंवा कंपनीची जकात चुकवावी म्हणून लांबच्या वाटेने सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरी जाई. हा माल दमणला जातो आणि आपणास काही मिळत नाही हे पाहून कंपनी सरकारने १८३१ पासून पेटीमागे ठराविक रकमेचा परवाना देऊन तो मुंबईवरून जाऊ दिला. मुंबईच्या कित्येक नामांकित व्यापाऱ्यांच्या संपत्तीत ह्या व्यापाराचा वाटा होता. चीनला माल कंपनी आपल्या जहाजांतून नेत नसे. चहा घ्यावयाचा तर चिनी सरकारशी उघड वैर नको, म्हणून अफू नेण्याचे काम खाजगी व्यापाऱ्यांवर सोपविलेले होते. एका हाताने विकावे व दुसऱ्या हाताने आपला संबंध नाही असे दाखवावे, अशी ही रीत होती.

चोरटा व्यापार चाले तो असा. परदेशी जहाजे कँटनला न येता नदीच्या मुखाबाहेर लिंटिन नावाच्या बेटापाशी नांगरीत. तेथे जुनी जहाजे तरंगत्या कोठारांसारखी उभी असत. चिनी गिऱ्हाईक कँटनमधील परदेशी पेढीत रुपे मोजी व चिठ्ठी घेई. ती दाखविली की बेटापाशी पेट्या मिळत. त्या आणण्याकरिता दोन्ही बाजूंस पुष्कळ वल्ही असलेल्या वेगवान होड्या होत्या, व त्यांवर हत्यारबंद माणसे असत. वाटेतील चौक्यांना ठरलेली रक्कम पोहोचे. चोरांस धरण्यासाठी जी सरकारी गस्तीची गलबते होती, तीच कित्येकदा माल वाहत. आणि वरिष्ठांना दाखविण्याकरिता व्यापाऱ्यांकडून थोड्या पेट्या मागून घेऊन, त्या आपण पकडल्या असे कळवीत. देशात आत गेल्यावर गुप्त मंडळ्या, सराईवाले, नावाडी, कचेरीतील कारकून असा सर्व मार्गभर त्यांचा संघ पसरला होता. एका गुन्हेगाराला पकडून अशा संघाचे काही होत नसे.

चिनी रुपे देशाबाहेर वाहू लागले, रयतेस सारा भरणे जड झाले, तेव्हा बादशहा ताउ-क्वांग ह्याने १८३८ साली आपल्या सुभेदारांची मते मागविली. काही अंमलदार पूर्वीच म्हणत होते की बंदी उठवावी, जकात घ्यावी, म्हणजे लाचलुचपत तरी थांबेल. दुसऱ्या एकाने असे लिहिले होते की ओढणाऱ्यासच देहान्त शिक्षा द्यावी, म्हणजे गिऱ्हाईक राहणार नाही. लिन ह्यांनी ह्या दुसऱ्या मतास पाठिंबा दिला. परंतु त्यांनी त्यास जी पुस्ती जोडली ती ध्यानात घेण्यासारखी आहे. शिक्षा एकदम लागू करू नये, वर्षाची मुदत द्यावी, तिचे चार भाग पाडावेत, आणि तेवढ्या अवधीत व्यसनी माणसास औषध देऊन ते सोडविण्यास मदत करावी, असे त्यांनी लिहिले व औषधांचे पाठही सोबत जोडले. नुसता कागद पाठवून ते थांबले नाहीत. आपल्या दोन प्रांतांत त्यांनी चिलमी जमा करविल्या व फोडविल्या, गोळ्या वाटल्या, आणि पुष्कळांनी व्यसन टाकल्याचे बादशहास कळविले. बादशहाने त्यांना पेकिंगला बोलावून लागोपाठ कित्येक दिवस भेट दिली व वर्षाच्या अखेरीस कँटनला आपला खास प्रतिनिधी म्हणून नेमले.

१० मार्च १८३९ रोजी लिन कँटनला पोहोचले. प्रथम त्यांनी आपल्याच लोकांकडे लक्ष दिले. शहरातील सहाशे विद्यार्थ्यांस परीक्षेच्या निमित्ताने एकत्र बोलाविले, व शास्त्राच्या प्रश्नांबरोबर असाही प्रश्न घातला की अफूचे मोठे विक्रेते कोण आहेत आणि हा धंदा कसा बंद करावा. उत्तरावर नाव घालण्याची सक्ती नाही. शिपायाला जे कळत नाही ते गल्लीतील मुलास ठाऊक असते, हे त्यांनी ओळखले होते. विद्यार्थ्यांचे पाच-पाचांचे गट करून एकाने दुसऱ्याची हमी घ्यावी अशी व्यवस्था केली. मे महिन्याच्या मध्यापर्यंत सोळाशेहून अधिक चिनी लोक पकडले गेले व त्रेचाळीस हजारांच्या आसपास चिलमी जप्त झाल्या. त्याच सुमारास पेकिंगहून नवा कायदा निघाला. त्यात ओढणाऱ्यांस व्यसन सोडण्यास अठरा महिन्यांची मुदत होती, आणि त्यानंतर मृत्यूची शिक्षा. ही शिक्षा फार कठोर होती, हे कबूल केले पाहिजे. रोगी व चोर ह्यांस एकाच फासावर चढविणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. आणि जेथे शिपाई लाचखाऊ तेथे असा कायदा गरिबास लुबाडण्याचे साधन होतो.

परदेशी व्यापाऱ्यांस त्यांनी आठवड्याभरातच हुकूम पाठविला की जवळची सर्व अफू स्वाधीन करावी व पुन्हा आणणार नाही असा लेख लिहून द्यावा. व्यापाऱ्यांनी हजारभर पेट्या पुढे केल्या. इतक्यावर भागेल असे त्यांना वाटले, कारण पूर्वी भागत असे. लिन ह्यांनी जामीन राहिलेल्या चिनी सावकारांच्या गळ्यांत साखळ्या घालविल्या, परदेशी वखारींतील चिनी नोकर काढून घेतले, वाटा बंद केल्या. सुमारे साडेतीनशे परदेशी लोक आत अडकले. अन्नपाण्यावाचून कोणी मेले नाही. पण साहेबांना स्वतः झाडावे लागले, स्वयंपाक करावा लागला, आणि तो अनेकांस साधला नाही असे त्यांच्याच लेखांवरून दिसते. अखेर इंग्रज व्यापाराचे मुख्य अधिकारी कॅप्टन चार्ल्स इलियट ह्यांनी २७ मार्च रोजी सर्व माल स्वाधीन करण्याचे मान्य केले. आकडा निघाला २०,२८३ पेट्या.

येथेच एक गाठ बसली, जी लिन ह्यांच्या ध्यानात आली नाही. इलियट ह्यांना स्वतःला अफूचा व्यापार आवडत नसे. तरी त्यांनी व्यापाऱ्यांकडून माल मागताना तो इंग्लंडच्या राणीच्या सरकाराकरिता मागितला व त्याच्या किमतीची हमी सरकारच्या नावे दिली. व्यापारी आनंदाने देते झाले, कारण त्या वर्षी माल खपत नव्हता व आता खुद्द सरकार गिऱ्हाईक झाले होते. काल जी चोरांची अफू होती ती आज एका राज्याची मालमत्ता झाली. लिन ह्यांना वाटले की चोरट्या व्यापाऱ्यांचा बीमोड झाला. वस्तुतः पुढील युद्धाची बीजे त्या कागदात पडली होती.

जमा झालेला माल आधी पेकिंगला न्यावयाचा होता. परंतु इतक्या लांबच्या वाटेत तो चोरीस जाईल ह्या भीतीने तेथेच नष्ट करण्याचा हुकूम आला. अफू नुसती जाळली तर तिचा अर्क मातीत मुरतो व लोक ती माती उकरून पुन्हा काढतात, हे लिन ह्यांना माहीत होते. म्हणून हू-मेन येथे सुमारे दीडशे फूट लांब व पंचाहत्तर फूट रुंद असे हौद खणून तळाशी फरशी व बाजूंस लाकडी फळ्या बसविल्या. हौदात पाणी व मीठ घालावयाचे, अफूचे गोळे फोडून टाकावयाचे, मग कळीचा चुना ओतावयाचा. चुना उकळी फोडी, मजूर फळ्यांवर उभे राहून फावड्यांनी ढवळीत, व ओहोटीच्या वेळी दरवाजा उघडून ती घाण समुद्रात सोडीत. पाचशे मजूर खपत होते. ३ जूनला आरंभ झाला व २५ जूनला काम संपले. ह्या कामी सुमारे बारा लाख किलो अफू पाण्यात गेली. समुद्रातील जीवांनी काही काळ दूर जावे म्हणून लिन ह्यांनी आपल्या रीतीप्रमाणे समुद्रदेवतेची प्रार्थना केली. आपण ती पूजा मानीत नाही, पण माशांचीही चिंता करणारे ते मन कोणासही आवडेल.

पुष्कळ परदेशी लोक म्हणत होते की चिनी अंमलदार अर्धा माल खाऊन टाकतील. तेव्हा अमेरिकन मिशनरी एलायजा ब्रिजमन व अफूस न शिवणाऱ्या एका अमेरिकन पेढीचे मालक चार्ल्स किंग हे स्वतः हू-मेनला गेले. काम किती काटेकोरपणे चालले आहे हे पाहून ब्रिजमन ह्यांनी ते आपल्या मासिकात प्रसिद्ध केले. दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. जर्मन मिशनरी गुत्स्लाफ हे काही वर्षांपूर्वी अफूच्या जहाजांवर दुभाषी म्हणून गेले होते. एका बाजूने पेट्या उतरत व दुसऱ्या बाजूने ते शुभवर्तमानाच्या पत्रिका वाटीत. किनाऱ्यावर जाण्यास दुसरे साधन नव्हते असे त्यांचे म्हणणे असे. पण अफू व पुस्तक एकाच होडीतून उतरले हे चिनी लोक पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत, व त्याचे ओझे मागाहून आलेल्या निर्दोष उपदेशकांस वाहावे लागले.

लिन ह्यांचा एक विशेष गुण असा की ज्याच्याशी झगडावयाचे त्याची माहिती करून घेण्यास ते लाजत नसत. त्या काळी चिनी विद्वान परदेशी पुस्तकास हात लावीत नसत. लिन ह्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रे, भूगोल व राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याचे ग्रंथ ह्यांतील भाग भाषांतर करवून घेतले. त्यांच्या भाषांतरकारांत एक तरुण ल्यांग चिन-ते हा होता. त्याचा बाप ल्यांग फा हा चिनी प्रॉटेस्टंट मंडळीचा पहिला दीक्षित देशी उपदेशक; तो मूळचा छापखान्यात ठसे कोरणारा कामगार, १८१६ साली बाप्तिस्मा घेतलेला. कँटनमध्ये डॉक्टर पीटर पार्कर ह्यांचा मिशन दवाखाना होता. अफूची सवय सोडविणारे औषध असल्यास द्यावे, असे लिन ह्यांनी त्यांना विचारविले. खात्रीचे औषध नाही असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे कळविले. लिन ह्यांना स्वतःला अंतर्गळाचा विकार होता. परदेशी वैद्याकडून अंग तपासून घेणे त्यांच्या दर्जास शोभेना, म्हणून त्यांनी माणसांमार्फत पट्टे मागविले. डॉक्टरांनी त्यांचे तोंडही न पाहता दवाखान्याच्या वहीत ६५६५ वा रोगी म्हणून त्यांची नोंद केली.

त्यांनी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियास एक पत्र लिहिले. जी वस्तू आपल्या प्रजेस अपायकारक ती दुसऱ्याच्या प्रजेस विकून नफा घेणे कोणत्या नीतीत बसते, असा त्याचा आशय होता. पत्र एका जहाजाच्या कप्तानाबरोबर १८४० च्या जानेवारीत रवाना झाले. लंडनमधील परराष्ट्र खात्याने त्या कप्तानाची भेट घेण्याचेही नाकारले. लिन ह्यांच्या समजुतीत चुका होत्या. इंग्लंडमध्ये अफूस बंदी आहे असे त्यांना वाटे, वास्तविक तेथे ती दुकानात उघड मिळे. चीनचा चहा व रेवाचिनी मिळाली नाही तर परदेशी लोक कोठा बांधून मरतील, असाही त्यांचा समज होता. आणि इंग्रजांची आरमारी शक्ती किती आहे हे त्यांना फार उशिरा कळले.

१८३९ च्या उन्हाळ्यात दारू प्यालेल्या खलाशांच्या हातून एक चिनी गावकरी मारला गेला. गुन्हेगार स्वाधीन करण्याचे इलियट ह्यांनी नाकारले, व तंटा वाढत गेला. मकाव बंदर पोर्तुगीजांचे. त्या वेळी ते गोव्याच्या सरकारच्या हाताखाली होते. तेथूनही इंग्रजांस निघावे लागले. नोव्हेंबरात तोफा झडल्या. लंडनच्या पार्लमेंटात ह्या युद्धाविरुद्ध कडक भाषणे झाली. ग्लॅडस्टन तेव्हा तरुण होते, तेही विरुद्ध बोलले. पण सरकारविरुद्धचा ठराव २७१ विरुद्ध २६२ मतांनी, म्हणजे अवघ्या नऊ मतांनी, पडला. जून १८४० मध्ये आरमार आले. त्यात बंगाल व मद्रास इलाख्यांचे हिंदी शिपाईही होते. ज्या मातीत अफू पिकली तिचीच लेकरे तिच्यासाठी लढावयास नेली गेली!

लिन ह्यांनी कँटनचा बंदोबस्त चांगला केला होता. इंग्रज त्यास वळसा घालून उत्तरेस गेले, एक बेट घेतले, व पेकिंगच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बादशहा घाबरला. ज्यास त्याने हौसेने पाठविले होते त्यासच आता दोष दिला, व १८४० च्या शरद् ऋतूत कामावरून दूर केले. पुढच्या वर्षी हद्दपारीची शिक्षा झाली. ती साम्राज्याच्या पश्चिम टोकास, इली प्रांती, हजारो मैल दूर. वाटेत असता पीत नदीचा बांध फुटला व कायफंग शहर पाण्याने वेढले. बांधाचे काम जाणणारा दुसरा नाही म्हणून हद्दपार कैद्यास तेथे थांबवून घेतले. लिन ह्यांनी मजुरांबरोबर राहून बांध बांधून काढला. आता क्षमा होईल असे सर्वांस वाटले, पण झाली नाही. काम संपताच पुढे चालावे असा हुकूम आला, व ते गेले. त्याच वर्षी, १८४२ च्या ऑगस्टात, नानकिंगचा तह झाला. चीनने हाँगकाँग दिले, पाच बंदरे खुली केली व दोन कोटी दहा लाख डॉलर दंड कबूल केला. त्यांपैकी साठ लाख नष्ट झालेल्या अफूची किंमत होती.

हद्दपारीत त्यांनी काय केले हे वाचकांनी जरूर ऐकावे. वय सत्तावन्नाच्या पुढे, प्रकृती खालावलेली, मुलूख वाळवंटी. त्यांनी इलीजवळील एका कालव्याचा अवघड भाग स्वतःच्या खर्चाने बांधविला. नंतर दक्षिणेच्या ओसाड टापूंत फिरून पडीक जमिनी मोजल्या. तुरफानकडे लोक विहिरींची माळ खणून त्या भुयाराने जोडतात, म्हणजे डोंगरातील पाणी उन्हात न आटता शेतापर्यंत येते. ही युक्ती पाहून त्यांनी ती इतरत्र वाढविण्यास उत्तेजन दिले. विहिरी त्यांनी शोधून काढल्या नव्हत्या, त्या पूर्वीच्याच. तरी तेथील लोक त्यांना लिनसाहेबांच्या विहिरी म्हणू लागले.

१८४५ साली क्षमा होऊन ते परत आले, व पुन्हा मोठ्या प्रांतांचे अधिकारी झाले. कँटनमध्ये जमविलेली परदेशची माहिती त्यांनी आपले मित्र वै युआन ह्यांच्या स्वाधीन पूर्वीच केली होती. तिच्यावरून त्या मित्राने परदेशांचा मोठा ग्रंथ रचला, व तो जपानातही वाचला गेला. १८४९ मध्ये प्रकृतीमुळे लिन घरी बसले. पुढल्याच वर्षी क्वांगसी प्रांतात बंड उठले म्हणून बादशहाने त्यांना पुन्हा बोलाविले. ते निघाले, पण वाटेत क्वांगतुंग प्रांतातील पूनिंग येथे २२ नोव्हेंबर १८५० रोजी मरण पावले. ज्या बंडखोरांवर ते चालले होते त्यांचा पुढारी ल्यांग फा ह्याचीच एक पत्रिका वाचून भलत्या वाटेस लागला होता. आणि त्या बंडखोरांच्या छावणीतही अफूस सक्त मनाई होती.

लिन ह्यांच्या मागे आठ वर्षांनी, दुसऱ्या युद्धाच्या काळात, चीनने अफूवर जकात बसवून तिला उघड परवानगी दिली. त्यानंतर खसखस चीनच्याच शेतांत पसरली. १९०६ साली चिनी सरकारने दहा वर्षांत हे व्यसन मोडण्याचा हुकूम काढला. त्याआधी चीनमधील तेराशेहून अधिक मिशनऱ्यांनी सह्या करून तशी विनंती केली होती. १९०९ साली शांघाय येथे तेरा राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष फिलिपाईन्सचे बिशप चार्ल्स ब्रेंट होते. १९१३ साली हिंदुस्थान सरकारने चीनसाठी अफू विकणे थांबविले; त्या वेळी मुंबई व शांघायच्या व्यापाऱ्यांजवळ न खपलेल्या पेट्या बऱ्याच शिल्लक होत्या.